चाळीस दिवसांची मुदत : ख्रिस्ती श्रद्धेतील न्याय आणि पश्चात्ताप

सतरा-अठरा वर्षांपूर्वी नेवासे तालुक्यातल्या एका गावी एका वृद्ध ख्रिस्ती बाईंनी मला एक वही वाचायला दिली. त्यांचे वडील गावोगाव ख्रिस्ती कीर्तने करीत. नगर जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, पेटी सगळे आपल्या कीर्तनासारखेच, आख्यान मात्र बायबलमधले. मी तेव्हा अशा वह्या शोधत फिरत असे. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची आणि संशोधनाचा नाद रविवारचा. त्या वहीत योना संदेष्ट्याचे आख्यान होते. "पंधरा दिवसांत उतरवून घेतो आणि आणून देतो, आजी," असे सांगून मी वही घेऊन आलो.

वहीच्या आधारे मी एक लेख लिहिला. तो छापून आला, थोडे मानधन मिळाले, दोन-चार जाणत्यांची पत्रे आली. वही कपाटात राहिली. वर्षभराने आजींचे पोस्टकार्ड आले : वही मिळावी, घाई नाही. मला फार वाईट वाटले. त्यानंतरही अधूनमधून वाटत राहिले. पण मी गेलो नाही.

या वर्षी तो जुना लेख पुन्हा वाचताना माझेच एक वाक्य मला टोचले. 'पश्चात्ताप म्हणजे पाप आठवून मनाची होणारी होरपळ' अशी व्याख्या मी मोठ्या आत्मविश्वासाने केली होती. मी ख्रिस्ती नाही. माझे घर वारकऱ्यांचे. परंतु गेल्या वीस वर्षांत पडेल तशी थोडी ग्रीक, थोडी हिब्रू अक्षरओळख करून घेत, कोशांच्या आधाराने चाचपडत मी बायबल वाचत आलो आहे. त्या वाचनाने ही व्याख्या चुकीची ठरवली. देव न्याय करणार आहे आणि माणसाने पश्चात्ताप केला पाहिजे, ही ख्रिस्ती उपदेशातली जुनी जोडगोळी आहे. बाहेरच्या माणसाला ती धमकीसारखी ऐकू येते. ती मुळात काय आहे, हे नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप

प्रथम आपल्याकडच्या दोन शब्दांची गाठ सोडवू. 'प्रायश्चित्त' हा धर्मशास्त्रातला पारिभाषिक शब्द. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे आहेत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पातकाला कोणते प्रायश्चित्त याची लांबलचक यादी येते. मात्र त्याच अध्यायात पापातून सुटण्याच्या उपायांमध्ये पाप उघडपणे सांगणे आणि अनुताप यांचाही समावेश आहे. तेव्हा आपल्याकडे केवळ बाह्य विधी आणि त्यांच्याकडे केवळ अंतःकरण, अशी सोपी वाटणी करता येत नाही.

पण विधी आणि अंतःकरण यांची फारकत होऊ शकते, हे महाराष्ट्राने एका चहाच्या कपावरून पाहिले आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी नावे वृत्तपत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि त्याबद्दल त्यांच्याच सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. गंमत अशी की, मिशनमध्ये चहा घेणे हे पाप आहे असे यांतल्या मोठ्या मंडळींना मुळीच वाटत नव्हते. प्रायश्चित्त झाले, पश्चात्ताप झाला नाही, आणि तो होण्याचे कारणही नव्हते. जातीशी बिघडलेला व्यवहार त्या विधीने पूर्ववत झाला, एवढेच.

मराठी ख्रिस्ती उपदेशात रुळला तो 'पश्चात्ताप' हा शब्द. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरला निघाले. या काळात छापील ख्रिस्ती मराठी घडत गेली आणि तिच्यात हा शब्द पक्का बसला. निवड वाईट नव्हती. 'प्रायश्चित्त' घेतले असते, तर श्रोत्याच्या डोळ्यांपुढे पंचगव्य, दक्षिणा आणि ग्रामण्य उभे राहिले असते. पण 'पश्चात्ताप'ही एक अडचण घेऊन आला. 'पश्चात्' म्हणजे नंतर, 'ताप' म्हणजे तापणे, पोळणे. शब्द भावनेचे नाव सांगतो. पुढे काय करायचे, हे सांगत नाही. माझी व्याख्या फसली ती याच ठिकाणी.

वळणे

जुन्या करारातल्या हिब्रू भाषेत या ठिकाणी प्रामुख्याने जो धातू येतो तो 'शूव'. त्याचा अर्थ अगदी साधा आहे : वळणे, मागे फिरणे, परत येणे. प्रवासी घरी परततो तेव्हाही हाच धातू आणि वस्तू मालकाला परत केली जाते तेव्हाही त्याचेच प्रयोजक रूप. हिब्रू बायबलात तो हजाराहून अधिक वेळा येतो. संदेष्टे लोकांना 'शूव' म्हणतात तेव्हा ते 'दुःखी व्हा' म्हणत नाहीत. 'चुकीच्या वाटेवर आहात, परत फिरा' असे म्हणतात. वाट चुकल्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण वाईट वाटत वाटत त्याच वाटेने चालत राहिलेला माणूस घरी पोहोचत नाही.

नवा करार ग्रीक भाषेत आहे. तिथला शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणे, बुद्धी पालटणे. मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या पहिल्याच उद्गारात त्याचे क्रियापद आहे. पुढे पश्चिम युरोपात बायबल लॅटिनमधून वाचले जाऊ लागले, तेव्हा या क्रियापदाच्या जागी अनेकदा 'पेनितेन्तिआम आगिते' असे शब्द आले. यातल्या 'पेनितेन्तिआ'चा अर्थ मनातला खेदही होतो आणि खेदापोटी केलेले प्रायश्चित्तही. शतकांच्या ओघात दुसरा अर्थ बळावला. इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापकबुली दिली पाहिजे असा नियम केला. गोव्याच्या कोकणीत या कबुलीला 'कुमसार' म्हणतात. पोर्तुगीज शब्दाचे ते रूप आहे. कॅथलिक शिकवणीतही मनापासूनच्या अनुतापाशिवाय कबुली पुरी होत नाही, हे इथे सांगितले पाहिजे. पण व्यवहारात पापमोचनपत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली आणि देवाच्या न्यायाची भीती हे उत्पन्नाचे साधन झाले.

एका शब्दाचा अर्थ तपासण्यातून काय घडू शकते, हे इथे दिसते. इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराची ग्रीक संहिता छापली आणि या लॅटिन शब्दांनी मूळ अर्थ पोहोचत नाही हे दाखवले. पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. त्यांतला पहिलाच मुद्दा या शब्दावर आहे. येशूने पश्चात्ताप करा म्हटले तेव्हा त्याला माणसाचे अवघे आयुष्यच पश्चात्तापाचे व्हावे असे अभिप्रेत होते, हा त्याचा आशय. १५१८ मध्ये आपले गुरू श्टाउपिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात ल्यूथर सांगतो की, ज्या शब्दाची त्याला सर्वांत जास्त धास्ती वाटे, तोच ग्रीक अर्थ कळल्यावर सर्वांत गोड वाटू लागला.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हीच वाट दुसऱ्या टोकाने चालून पाहिली. संस्कृतची जन्मजात तयारी असलेल्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत सगळे बायबल उतरवले आणि तिथल्याच स्त्रियांकडून त्याचे खिळे जुळवून घेतले. याच मुक्तिसदनात १९०५ साली मोठी धर्मजागृती झाली. मुली रडल्या, उभ्या राहून आपापली पापे बोलून दाखवू लागल्या. रडण्याची नोंद लोकांनी ठेवली. त्यानंतर प्रत्येकीने उद्या सकाळी काय केले, याची नोंद कुणी ठेवू शकत नाही. आणि खरी गोष्ट तिथेच असते.

न्याय कुणाला हवा असतो?

आता जोडीतला दुसरा शब्द. ख्रिस्ती श्रद्धांगीकारात, म्हणजे उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कथनात, येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार असे म्हटले आहे. या न्यायाचे चित्र युरोपने भयानक रंगवले. सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर १५३६ ते १५४१ या काळात मायकेलँजेलोने काढलेल्या चित्रात नरकाकडे ओढला जाणारा एक माणूस हाताने एक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याने समोर पाहतो आहे. ते चित्र एकदा पाहिले की विसरत नाही.

पण हिब्रू बायबलात देव न्याय करायला येतो आहे, या बातमीने शेते आणि रानातली झाडे आनंदित होतात असे स्तोत्रकर्ता म्हणतो. हे मला फार वर्षे कळत नव्हते. तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षे जमिनीचा दावा लढणारी एक विधवा माझ्या माहितीत आहे. तिच्याकडे पाहिल्यावर कळले. ज्याचे हिरावले गेले आहे त्याला न्याय हवाच असतो. भीती वाटते ती हिरावणाऱ्याला. आमोस नावाचा संदेष्टा मूळचा मेंढपाळ, अंजिराच्या जातीच्या उंबरांची निगा राखणारा. चपलांच्या जोडापायी गरिबाला विकणाऱ्या, मापात मारणाऱ्या लोकांना तो बजावतो की, तुम्ही परमेश्वराच्या ज्या दिवसाची वाट पाहता आहात तो तुमच्यासाठी उजेड घेऊन येणार नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी माणसे वेगळी केली जातात. निकष असे : भुकेल्याला खायला दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटलात का. विशेष असे की, दोन्ही बाजूंची माणसे चकित होतात. आम्ही हे केव्हा केले, असे एक गट विचारतो. केव्हा केले नाही, असे दुसरा. म्हणजे हिशेब ज्या वहीत मांडला जात होता, ती वही त्यांच्या लक्षातच नव्हती.

निनवेची गोष्ट

न्याय आणि पश्चात्ताप एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे योनाच्या पुस्तकाइतके नेमके कुठेही आलेले नाही. पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे. मोठा मासा सर्वांना ठाऊक असतो; पण मासा हा गोष्टीचा केवळ एक वळसा आहे.

निनवे हे अश्शूर साम्राज्याचे नगर. त्याचे अवशेष आजच्या इराकमध्ये मोसुल शहरालगत आहेत. अश्शूरी सैन्याच्या क्रौर्याने इस्राएली लोक पोळलेले होते. त्या शहराला जाऊन न्याय सुनाव, असे देव योनाला सांगतो. योना उलट दिशेचे जहाज पकडून तार्शीशला पळू पाहतो. वादळ, समुद्रात फेकले जाणे, माशाच्या पोटातले तीन दिवस हे सगळे झाल्यावर अखेर तो निनवेला येतो आणि जाहीर करतो : चाळीस दिवस, की निनवे उलथून पडणार. मूळ हिब्रूत ही घोषणा फक्त पाच शब्दांची आहे. तीत देवाचे नाव नाही, पापाचे नाव नाही, 'सुधाराल तर वाचाल' असेही काही नाही. पण 'उलथणे' यासाठी वापरलेल्या धातूचा दुसरा अर्थ 'पालटणे' असाही आहे. निनवे उलथणार की पालटणार? दोन्ही शक्यता त्या एका शब्दात आहेत.

निनवे पालटते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसांनीच काय, गुराढोरांनीही गोणपाट पांघरून उपास करावा असे फर्मान निघते. मात्र पुढचे वाक्य महत्त्वाचे आहे. देवाने काय पाहिले? त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिला असे पुस्तक म्हणत नाही. ते आपल्या वाईट मार्गापासून फिरले, ही त्यांची कृती त्याने पाहिली. इथे 'शूव' येतो. आणि मग ठरवलेले अरिष्ट आणण्यापासून देवच मागे येतो. त्यासाठी वापरलेला 'नाहाम' हा धातू खेद आणि सांत्वन या दोन्ही अर्थांचा आहे.

यावर योना संतापतो. आपण पळालो ते याचसाठी, असे तो देवाला तोंडावर सांगतो : तू दयाळू आहेस, शिक्षा देणार नाहीस, हे मला आधीच माहीत होते! शत्रूला न्याय हवा आणि आपल्याला दया, ही योनाची मागणी आपल्या सर्वांचीच असते. तो शहराबाहेर जाऊन काय होते ते पाहत बसतो. देव त्याच्यावर सावलीसाठी एक वेल वाढवतो आणि दुसऱ्या दिवशी एका किड्याकरवी तो वाळवतो. वेलासाठी हळहळणाऱ्या योनाला देव विचारतो : जो वेल तू लावला नाहीस त्याची तुला कीव येते, मग उजवा-डावा हात न ओळखणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरे ज्या शहरात आहेत, त्या निनवेची कीव मला येऊ नये का? या प्रश्नावरच पुस्तक संपते. योनाचे उत्तर दिलेले नाही.

इथे मला या विषयाची किल्ली सापडली असे वाटते. निनवेचा विनाशच करायचा असता, तर आधी वर्दी देण्याचे कारण नव्हते. न्यायाची घोषणा ही मुदत असते. चाळीस दिवस हे शिक्षेपूर्वीचे दिवस आहेत तसेच वळण्यासाठी दिलेले दिवसही आहेत. म्हणूनच ज्यूंच्या योम किप्पूर या क्षमायाचनेच्या दिवशी दुपारी हे पुस्तक वाचले जाते. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्या दिवसाला 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावून, उपास करून तो पाळला जाई. केरळातले सुरियानी ख्रिस्ती आजही तीन दिवसांचा निनवेचा उपास धरतात.

मुदत मात्र कायमची नसते. इतिहासातले निनवे इ.स.पूर्व ६१२ मध्ये खरोखरच उद्ध्वस्त झाले.

परत देणे

वळायचे म्हणजे नेमके काय करायचे? लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला हेच विचारतात. उत्तरे थेट आहेत. दोन अंगरखे असतील तर एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्या. जकातदारांना : ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना : धाकदपटशाने पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलेच पाप आणि त्याच्या धंद्यातलेच वळण.

पुढे यरीहोच्या जक्कयाची गोष्ट येते. जकातदारांचा हा मुख्य, ठेंगणा, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून म्हणतो की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो. या गोष्टीत 'मेटानोइया' हा शब्द एकदाही येत नाही, अश्रूही येत नाहीत. फक्त हिशेब येतो. त्यामागे मोशेचे जुने नियमशास्त्र आहे. लेवीय पुस्तकात लुबाडलेली वस्तू पाचवा हिस्सा वर घालून आधी मालकाला द्यायची आणि मग देवापुढे अर्पण आणायचे असा क्रम आहे. येशूही डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो की, वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा.

एक शंका उरते. यहूदानेही लाच म्हणून घेतलेली चांदीची तीस नाणी परत केली होती. त्याला पश्चात्ताप का म्हणत नाहीत? मत्तयाने त्याच्यासाठी 'मेटानोइया' न वापरता खेदवाचक वेगळे क्रियापद वापरले आहे. आपला 'पस्तावणे' त्याच्या जवळ जातो. यहूदा नाणी घेऊन याजकांकडे गेला. ते म्हणाले, त्याचे आम्हाला काय? ज्याचा त्याने घात केला त्याच्याकडे तो गेला नाही. गळफास घेऊन त्याने स्वतःच स्वतःचा निकाल लावला. पेत्रानेही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारले आणि तो ओक्साबोक्शी रडला. पण तो राहिला, आणि पुढे भेटीला सामोरा गेला. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की क्षमा ही कृपा आहे; चौपट भरून ती विकत मिळत नाही. परत देणे ही क्षमेची किंमत नव्हे. आपण खरोखर वळलो आहोत, याची ती खूण आहे.

हे सगळे कागदावर मांडून झाल्यावर वही कपाटात ठेवून हा लेख पाठवणे मला शक्य नव्हते. श्रावणात एका रविवारी मी त्या गावी गेलो. आजी नऊ वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. सूनबाईंनी पाणी दिले, चहा ठेवला. मी वही पुढे केली, तिच्यावर लिहिलेला लेख दिला आणि झाले ते सगळे सांगितले. त्यांनी पदराने वहीचे पुठ्ठे पुसले.

"सासूबाई बरेच दिवस विचारायच्या," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला काही बोलत नाही, दादा. पण माफ करायचं ते त्यांनी. ते माझ्या हातात कुठंय?"

त्यांनी वही आतल्या ट्रंकेत नेऊन ठेवली. मग मुलाला हाक मारून सांगितले, पणजोबांची वही आली आहे, संध्याकाळी वाचून दाखव. मी चहा घेतला आणि निघालो.